एका आकड्याचं वर्ष

साहेबांच्या मनगटावरच्या घड्याळाला मिनिटकाटा नव्हता. तुटला नव्हता, त्यांनी तो काढून घेतला होता. चिकपेटेतल्या घड्याळजीपुढं धडधाकट घड्याळ ठेवून ते म्हणाले होते, "हा मोठा काटा काढून टाका." घड्याळजीनं दोनदा विचारून खात्री केली आणि काढून दिला.

"किती वाजलेत ते मला कळलं की झालं," साहेब आम्हाला सांगत. "वर किती मिनिटं झालीत ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक असतंच. विचारलं की सांगता. मग ते ओझं मी का वागवू?"

आणि खरंच दिवसातून दहा-वीस वेळा ते काचेच्या दारातून डोकं बाहेर काढून विचारत, "बाई, अकरा वाजून किती?" मी मान वर न करता सांगे, "बावीस." तास त्यांच्याकडे, मिनिटं माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा लोक हसतात. मी त्यांना हसू देते आणि तिथंच थांबते. आज थांबणार नाही.

कारण असं, की आता माझ्या ऑफिसात टेबलावर मावणारे कॉम्प्युटर यायचे आहेत, माणशी एक. खरेदीच्या समितीवर मला घेतलंय, कारण मी याद्या नीट ठेवते. तरुण मंडळी प्रत्येक बैठकीत एकाच मुद्द्यावर तास घालवतात: मेमरी किती घ्यायची? एक म्हणतो एवढी पुष्कळ झाली, दुसरा म्हणतो दुप्पट घ्या, उद्या रडाल. मग सगळे माझ्याकडे बघतात. मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. ज्यांना ते पक्कं येत होतं, त्यांच्याविषयी लिहिते.

बेंगळूरच्या दक्षिणेला, बनशंकरीच्या देवळाच्या अलीकडे तेव्हा रागीची शेतं होती. त्या शेतांत छप्पन साली सरकारी कारखाना उभा राहिला. सत्तावनच्या जानेवारीत मी तिथं आस्थापना विभागात कारकून म्हणून लागले. आमचं घराणं चार पिढ्या इथलंच. पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, काकांचं कापडाचं दुकान, दुकानामागच्या दोन खोल्यांत आई, मी आणि दोघं भाऊ. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. साहेब मात्र पुण्याचे, गणितातले मोठे विद्वान, परदेशात शिकून आलेले. कारखान्यातली सगळी आकडेमोड त्यांच्या विभागाकडे असे, आणि त्यांचा विभाग व माझं टेबल यांच्यामध्ये एक काचेचं दार होतं.

माणसांची नावं ते लक्षात ठेवत नसत. जो जे काम करी तेच त्याचं नाव. नकाशे काढणारा रेघवाला, तारांचं काम बघणारा तारवाला. मी आधी यादीबाई होते, नंतर नुसती बाई झाले. खिशात आठ पानांची एकच वही असे. तीत शिसपेन्सिलीनं लिहीत आणि काम झालं की खोडरबरानं पुसून त्याच ओळीवर पुढचं काम लिहीत. पुसून पुसून ती पानं इतकी पातळ झाली होती की एका पानावरचं काम दुसऱ्या पानावरून वाचता येई. पुस्तक वाचताना वाचलेलं पान फाडून टाकत. कारखान्याच्या ग्रंथालयानं त्यांना पुस्तकं देणं बंद केलं त्याचं कारण हे. ग्रंथपाल रागानं माझ्याकडे तक्रार घेऊन आला तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "वाचलेलं पान माझ्या कामाचं नाही. तुम्हाला हवं होतं तर मागायचं."

नऊ वर्षं बेंगळुरात राहून त्यांनी कानडीतला एकच शब्द घेतला: 'साकु'. म्हणजे पुरे. कॅन्टीनमध्ये भात वाढणाऱ्याला साकु, लांबलेल्या बैठकीला साकु, वाढदिवसाचा हार घालायला आलेल्या कामगारांनाही साकु. वाढप्या त्यांना मागून 'साकुसाहेब' म्हणे. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "बरं केलं. खरं नाव सांगत बसावं लागणार नाही."

अधिकाऱ्यांच्या वसाहतीत त्यांना चार खोल्यांचा बंगला मिळाला होता. लग्न केलेलं नव्हतं. एका खोलीत खाट, टेबल, स्टोव्ह आणि दोन सदरे, बाकीच्या तीन खोल्यांना कुलूप. एक दिवस त्यांनी रीतसर अर्ज केला की तीन खोल्या कारखान्यानं परत घ्याव्यात. अर्ज माझ्याकडे आला. नियमात बंगला देता येई, काढून घेता येई, बंगल्याचा तुकडा परत घेता येत नसे. तसं उत्तर मी टाइप करून पाठवलं. ते कागद हातात घेऊन आले.

"बाई, तुमच्या नियमात गरज मोजायची काही सोय नाही का?"

"नाही, साहेब. हुद्दा मोजायची आहे."

ते हसले. त्या काळी मला ते आवडत, हे इथं लिहून ठेवायला हवं. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको की मी पहिल्यापासून त्यांच्यावर दात धरून होते.

मी त्यांच्या अगदी उलट. माझ्याकडे प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असे. त्यावर कामावर लागल्याची तारीख तर असेच, शिवाय घरात माणसं किती, कुणाची आई अंथरुणाला, कुणी कधी कशाला नकार दिला, असलंही लिहिलेलं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठेवत होते. साहेब जाता-येता एखादं कार्ड उचलून वाचत.

"तुम्ही फार साठवता, बाई."

"लागतं, साहेब."

"कुणाला?"

"ज्याचं कार्ड असतं त्याला."

"मग त्याला ठाऊक असेलच की," असं म्हणून कार्ड चुकीच्या जागी खोचून ते निघून जात.

चौसष्टच्या अखेरीस कारखान्यानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. एका मोठ्या खोलीत मावेल एवढं यंत्र, आणि त्याची मेमरी चार हजार कप्प्यांची. एका कप्प्यात एक आकडा मावे, अक्षर नाही. आणखी चार हजार कप्पे हवे असतील तर वेगळं कपाट मागवावं लागे आणि त्याला परकीय चलनाची मंजुरी लागे. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला होता. बैठकीचं इतिवृत्त मी लिहीत होते.

"सर, कपाट आताच घ्या," तो म्हणाला. "चार हजारांत तुमचं भागणार नाही."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"कुणाचंच भागत नाही."

"ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं भागत नसेल."

तो माणूस चिवट होता. "सर, आज पुरेल. पण काम वाढतं, माणसं वाढतात."

"माणसं वाढतात तशी जातातही. गेलेल्याचा कप्पा आलेल्याला द्यायचा. यंत्र म्हणजे अडगळीची खोली नव्हे. साकु."

मग त्यांनी जनरल मॅनेजरांना एक टिपण पाठवलं, तेही मीच टाइप केलं. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'जादा मेमरी ही आळशी लिहिणाऱ्याची सोय आहे. माणसाला जे ठाऊक आहे ते यंत्राला सांगण्याची गरज नाही.' जनरल मॅनेजरांनी ते अधिकाऱ्यांच्या सभेत वाचून दाखवलं, परकीय चलन वाचवल्याबद्दल टाळ्या झाल्या. साहेब त्या सभेला नव्हते. टाळ्या झाल्याचं मी सांगितलं तेव्हा मात्र कान लाल झाले त्यांचे. या माणसाला काहीच नको असतं असं आम्ही समजत होतो. तसं नव्हतं.

आणि जे म्हणत ते त्यांना करताही येई. दुसऱ्याला तीनशे कप्पे लागतील ते काम ते दीडशेत बसवत. संध्याकाळी दारातून डोकं काढून सांगत, "बाई, आज सहा कप्पे वाचले." एकदा चाळीस वाचले तेव्हा आम्हा सगळ्यांना एकेक पेपरमिंटची गोळी वाटली. त्यांनी स्वतःहून कुणाला काही दिल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

आता क्वार्टरच्या यादीकडे येते.

कारखान्याला लागून कामगारांची वसाहत होती. दोन खोल्या, पुढं लहानसा व्हरांडा, मागं परसात नळ. क्वार्टर थोडे, मागणारे चारशे. जो आधी कामावर लागला त्याला आधी, एवढा साधा नियम. तरी दर जानेवारीत आमच्या विभागानं यादी लावली की भांडण उठे. याला त्याच्या जातीचा म्हणून वर घेतला, त्यानं हेडक्लार्कला नारळाची पाटी पोचवली, असं. शेवटी युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला: यापुढं यादी यंत्र काढेल आणि निघालेल्या कागदाला कुणीही हात लावणार नाही.

त्या सभेत हा ठराव ज्यांच्या बोलण्यानं पास झाला ते विठोजीअण्णा. मशीनशॉपमधले फिटर, छप्पनच्या मार्चात लागलेले, आमच्यासारखेच पिढीजात बेंगळूरचे मराठी. सभेत सहसा बोलत नसत. त्या दिवशी मागच्या बाकावरून उठून म्हणाले, "यंत्राला मामा नाही, मेव्हणा नाही. ते काय काढेल ते आम्ही घेऊ. सरी?" सगळे 'सरी, सरी', म्हणजे कबूल, म्हणाले आणि विषय संपला.

अण्णा कॉटनपेटेत एका खोलीत राहत. खोलीच्या खाली मिरची कुटायची गिरणी. त्यांच्या बायकोला, तुळसक्कांना, दम्याचा त्रास. गिरणी चालू झाली की त्या ओला पदर तोंडावर धरून बसत. डॉक्टरनं सांगितलं होतं, औषध देतो पण घर बदला. हे सगळं माझ्या कार्डावर होतं.

यादीचा प्रोग्राम साहेबांनी लिहिला. माणशी चार आकडे बिल्ल्याचे, दोन महिन्याचे, एक वर्षाचा. वर्षाला एकच आकडा बघून मी त्यांना विचारलं.

"मोजा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "छप्पनचा सहा, सत्तावनचा सात, असं करत पासष्टचा पाच. वर्षं दहा, आकडे दहा. एकही वाया नाही."

"आणि सहासष्टला लागतील ते?"

"त्यांचा सहा."

"छप्पनचाही सहाच."

"छप्पनची मंडळी या यादीत आत शिरतील. क्वार्टर मिळाला की नाव यादीतून गेलं. सहा मोकळा झाला. पुढच्या वर्षी यंत्राला सांगायचं, आता सगळ्यांत जुने सात आणि सगळ्यांत नवे सहा. संपलं."

ते इतकं नेटकं होतं की मी तसाच रकाना आखून घेतला. मला नेटक्या गोष्टी आवडतात.

सहासष्टच्या जानेवारीत यंत्रानं पहिली यादी काढली. एकही तक्रार आली नाही. छप्पनची सगळी मंडळी आत गेली, एक सोडून. अण्णांची म्हातारी आई म्हणाली, मी या गल्लीत नांदायला आले, इथूनच जाणार. अण्णा माझ्या खिडकीशी आले.

"अक्का, ह्या वर्षी नको. आई स्वल्प दिवसांची आहे बगा. नंबर जाईल का?"

"एकदा नकार दिला तर नंबर जात नाही, अण्णा. नियम आहे."

"लिहून ठेवा हं."

"ठेवते," म्हटलं, आणि ठेवलं. त्या पावसाळ्यात म्हातारी गेली.

डिसेंबरात मी पुढच्या यादीची कार्डं लावत होते. सहासष्टला लागलेल्यांचा गठ्ठा आला, सगळ्यांच्या वर्षाच्या रकान्यात सहा. त्या गठ्ठ्याच्या शेजारी अण्णांचं एकटं कार्ड, त्यावरही सहा. मी तशीच उठून काचेच्या दारातून आत गेले.

"साहेब, सहा मोकळा झालेला नाही. एक उरलेत."

"कोण?"

"विठोजीअण्णा. फिटर. मागच्या वेळी आईसाठी थांबले होते."

"एकच?"

"एकच."

"मग ते सहासष्टमध्ये धरले जातील."

"म्हणजे तळाला जातील."

"जातील," साहेब म्हणाले. आज उकडतंय म्हणावं तसं.

"वर्षाला दोन आकडे करा ना."

"चारशे माणसं. चारशे कप्पे हवेत. माझ्याकडे अकरा शिल्लक आहेत."

"मग ते दुसरं कपाट मागवा."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एका माणसासाठी?"

"कागद निघाल्यावर मी हातानं त्यांचं नाव वर लिहिते."

"करार वाचा, बाई. तुम्हीच टाइप केलाय."

मी बाहेर आले. मला तेव्हाच कळलं होतं की अडचण अकरा कप्प्यांची नव्हती. कपाट मागायचं म्हणजे ते टिपण चुकलं म्हणायचं, आणि त्यावर टाळ्या पडून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काचेचं दार मागं ओढून घेऊन. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, त्या फिटरच्या कार्डावर वर्ष सात टाका. महिना शून्य. सत्तावनच्या सगळ्यांच्या वर येईल. यादीला हात लावायला नको."

"पण ते खोटं आहे. ते छप्पनला लागलेत."

"छप्पनला लागलेत हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, त्यांना ठाऊक आहे. यंत्राला ठाऊक नसलं तर बिघडलं काय?"

"लेखी द्या, साहेब. टाकते."

"लेखी दिलं की युनियन विचारणार. मग सगळीच यादी खोटी ठरेल."

"लेखी द्या. माझ्या कार्डांत आजवर एक खोटी नोंद नाही."

 त्यांनी घड्याळाकडे बघून विचारलं, "चार वाजून किती?"

"दहा."

"बरं," म्हणाले आणि आत गेले.

आता माझं. त्या जानेवारीत तीन क्वार्टर रिकामे होणार होते, आणि पुढचे कधी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यादीत सगळ्यांत वर अण्णा. त्यांच्यामागं सत्तावनच्या जानेवारीतले आम्ही तिघं, आणि तिघांत मी शेवटची. अण्णा वर राहिले तर मी चौथी. अण्णा तळाला गेले तर तिसरी. साहेब माझ्या टेबलाशी उभे होते तेव्हा हे मला ठाऊक होतं. तेव्हा डोक्यात नव्हतं, नोंदीचा खरेपणाच होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ज्या बाईला चारशे कार्डं तोंडपाठ होती तिला स्वतःचा नंबर आठवला नाही, हे मी दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं.

एक खोटा आकडा पाडायला किती वेळ लागतो? कॉम्प्युटरला माहिती कार्डावर भोकं पाडून द्यावी लागे, त्या भोकं पाडायच्या यंत्रावर एक कळ दाबायची. मी अण्णांच्या कार्डावर सहा पाडला. खरा होता.

यादी फलकावर लागली त्या दिवशी अण्णा वरून वाचू लागले. पहिले दहा बिल्ला नंबर वाचले, मग पुढचे, मग बोट लावून सावकाश खाली. तीनशे नव्वदाव्या नंबरला बोट थांबलं. मागचे दोघे-तिघे फिटर हसले. एक म्हणाला, "काय हो अण्णा, कालच लागलात वाटतं कामाला?" अण्णाही हसले. मग माझ्या खिडकीशी आले.

"अक्का, हे यंत्रानंच काढलंय ना? कुणी हात नाही लावला?"

"कुणी नाही लावला, अण्णा. तुम्ही तक्रार करा. मी तारीख दाखवते."

त्यांनी विचार केला. "भर सभेत मीच बोललो होतो, यंत्र काय काढेल ते घेऊ म्हणून. आता माझ्याच नंबराला नको म्हणू? लोक तोंडात शेण घालतील." मग म्हणाले, "तुमचा आला ना? तिसरा बगितला मी. बरं झालं. आईला सुख होईल."

पुढचं आधीच सांगून टाकते. अडुसष्टला साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले, एका पिशवीत सामान घेऊन. त्यांच्या जागी आलेल्या तरुण माणसानं पहिल्याच बैठकीत दुसरं कपाट मागितलं. कुणी वाद घातला नाही, पाच मिनिटांत मंजूर. वर्षाला दोन आकडे झाले, आणि त्यानंतरच्या जानेवारीत अण्णांचं नाव यादीत पहिलं आलं. तोवर तुळसक्का नव्हत्या. अण्णा म्हणाले, एकट्याला दोन खोल्या काय करायच्यात, पुढच्याला द्या. मी त्यांचा दुसरा नकार कार्डावर लिहिला. दुसऱ्या नकारानं नंबर जातो.

साहेबांची जुनी फाईल बंद करायचं काम माझ्याकडेच आलं. तीत तळाशी त्यांच्या हातचा एक कागद होता, टाइप न केलेला, म्हणून मला आधी कधी दिसला नव्हता. यादी लागल्यानंतर चार दिवसांनी त्यांनी अर्थविभागाकडे कपाट मागितलं होतं. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'एक माणूस'. अर्थविभागानं दुसरं काही न लिहिता त्याला त्यांचंच टिपण जोडून परत पाठवलं होतं, 'जादा मेमरी ही आळशी लिहिणाऱ्याची सोय आहे' या ओळीखाली लाल रेघ मारून. साहेब यातलं अक्षर मला बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी त्यांना जरा लवकर माफ केलं असतं. आणि यादीच्या आधी चार दिवस मागितलं असतं तर माफ करायला काही उरलंच नसतं. मी अजून ठरवू शकलेले नाही.

शेवटची एक गोष्ट सदुसष्टच्या उन्हाळ्यातली. आम्ही क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. घर लावून झाल्यावर एका रविवारी दुपारी अण्णा तुळसक्कांना घेऊन आले. फणसाचे गरे आणले होते. आईनं सरबत केलं. तुळसक्का आत आल्या नाहीत, व्हरांड्यातच बसल्या. समोर मोकळी शेतं होती, वारा येत होता. तासाभरानं अण्णा म्हणाले, "हिला इथं बरं वाटतंय बगा. दम लागला नाही."

"येत जा," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी ते आले. त्याच्या पुढच्याही. काही मागत नसत, जास्त बोलतही नसत. तुळसक्का खांबाला टेकून डोळे मिटून बसत आणि श्वास घेत. नुसत्या श्वास घेत. आत स्वयंपाकघरात मला तो ऐकू येई. चार रविवार मी काढले. पाचव्या रविवारी आईला म्हटलं, "जयनगरला मावशीकडे जाऊ, बरेच दिवस गेलो नाही." त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो. मग ते ठरूनच गेलं. आई एकदा म्हणाली, "ती माणसं येत असतील गं." मी म्हटलं, "दार बंद दिसलं की जातील."

अशाच एका रविवारी आई मावशीकडेच राहिली आणि मी नेहमीपेक्षा लवकर, चारच्या बसनं परतले. लांबूनच दिसलं, व्हरांड्यात माणसं आहेत. बंद दाराला पाठ लावून तुळसक्का बसल्या होत्या. पायरीवर अण्णा. आणि अण्णांच्या शेजारी, त्याच पायरीवर, साहेब.

ते कशाला आले होते कुणास ठाऊक. त्यांचा बंगला वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, फिरायला निघाले असतील. की मला काही सांगायला आले होते? अण्णांना त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी पायरीशी पोचले तेव्हा अण्णा त्यांना सांगत होते, "छप्पनचा मार्च, साहेब. तेव्हा शेडला छप्पर पण नव्हतं." साहेब मान हलवत होते.

मला बघून अण्णा धडपडत उभे राहिले. "अक्का, आम्ही निघतच होतो. हिला पाच मिनिटं बसू दे म्हटलं. तुम्ही घरी नसता म्हणून आत काही..."

"बसा, अण्णा," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं नाव. मग माझ्याकडे बघितलं. "बाई, दार उघडा. यांना पाणी हवंय."

मी पर्स उघडली आणि त्या तिघांसमोर किल्ली शोधू लागले. रुमाल बाहेर काढला, बसची तिकिटं काढली, सामानाची यादी काढली. तुळसक्का वाट सोडायला भिंतीला धरून उठू लागल्या, आणि उठताना त्यांना धाप लागली. मी शोधतच राहिले. किल्ली वरच, हाताशी होती.